माझ्या बुरुजाची खिडकी

मित्रांनो, मी दाल्मातियाच्या समुद्रातले एक लहानसे बेट आहे. माझ्या माथ्यावर पडका किल्ला आहे. माझ्यावर कोणी राहत नाही. आणि जिथे कोणी राहत नाही तिथले सगळे आपलेच, असे समोरच्या गावाला वाटते. याला काय म्हणावे!

चाच्यांच्या भीतीने हा किल्ला बांधला. दगड होड्यांतून आले, चुन्याच्या भट्ट्या माझ्याच अंगावर पेटल्या. केवढा मान होता मला! पुढे चाचे गेले, पहारेकरी गेले, उन्हाळ्यात मेंढ्या येऊ लागल्या. त्यांचा त्रास नव्हता. त्रास माणसांचा. एकाने पायऱ्या नेल्या, दुसऱ्याने विहिरीचा काठ. तरी बुरुजाची खिडकी शाबूत होती. समुद्रातून येताना तिच्या आरपार गावातल्या चर्चचा मनोरा दिसला, की होडी सरळ हाकायची. त्या रेषेत खडक नाही, हे शेंबडे पोरही जाणत होते.

गावातला शिमुनही जाणत होता. पण त्याला वाइनच्या तळघराला ऐटदार चौकट हवी होती. बायको दोमिना होडीने माझ्या पल्याडच्या मळ्यात द्राक्षे तोडायला गेल्याचे पाहून तो पहार घेऊन आला.

"एवढी एक काढली तर काय बिघडतंय?" असे माझ्याच तोंडावर म्हणाला. खिडकीची दगडी चौकट निघाली आणि वरची भिंत धाडकन कोसळली. पठ्ठ्या चौकट घेऊन घरी गेला!

संध्याकाळी वारा सुटला. दोमिना भरली होडी घेऊन खिडकी शोधत राहिली. मला ओरडता येते थोडेच? होडी खडकावर फुटली. ती बिचारी पोहत माझ्या काठाला लागली.

शिमुन दुसरी होडी घेऊन धावत आला.

"दोमिना! लागलं का गं?"

"छे, मजेत आंघोळ केली! खिडकी कुठाय?"

"ती... आपल्या तळघराला लावायला नेली."

"वा! आणि तळघरात काय ठेवशील? द्राक्षं मासे खाताहेत."

"परत बसवतो गं."

"कशात बसवतोस, म्हाताऱ्या? भिंत कुठाय?"

तेव्हापासून द्राक्षांच्या दिवसांत वारा सुटला, की शिमुन माझ्या ढिगाऱ्यावर पांढरी चादर बांधलेली काठी धरून उभा राहतो. नुसती रोवलेली काठी इथल्या वाऱ्यात टिकत नाही. दोमिना होडीतून ओरडते, "सरळ उभा राहा रे! पुन्हा बुडवतोस का मला?"

मित्रांनो, पडक्या भिंतीकडे बघूनही कोणीतरी घरी येत असते. तिचा दगड उचलू नका. उचललाच, तर तिच्या जागी उभे राहायची तयारी ठेवा. वारा फार बोचरा असतो.