मनुबाईचा कट्टा

कृष्णात देसायांनी सायकल मनुबाईच्या कट्ट्याला टेकवली आणि सीट नसलेल्या नागड्या दांड्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून स्वतःच त्याच्यापुढं उभे राहिले. देसाईगल्लीपासून भीमनगरापर्यंत सायकल त्यांनी हातानं ढकलत आणली होती. वाटेत जो भेटला त्याला, पाय मोकळे करतोय, असं सांगितलं होतं.

"आक्का, परत न्हेली बघा सीट," ते म्हणाले. "दिवा न्हवता म्हणून."

"मग दिवा का लावत न्हाईसा, अण्णा?"

"दिवा लावला तर तुमच्याकडं येणं कसं व्हणार?"

मनुबाई हसली आणि चहाला आधण ठेवायला आत गेली. देसाई चेष्टेनं बोलले होते. पण गोष्ट खरी होती, आणि ती दोघांनाही ठाऊक होती.

निपाणीच्या अलीकडचं, तंबाखूच्या वखारींवर जगणारं ते लहानसं गाव. रहदारीचा दंड करायचा हक्क तिथल्या नगरपालिकेला कुण्या जुन्या संस्थानिकानं दिलेला, आणि मधल्या काळात संस्थानं गेली, राज्यं बदलली, तरी तिनं तो हातचा सोडला नव्हता. पालिकेचे पट्टेवाले बिनदिव्याच्या सायकलीची सीट काढून घेत, बाजारगल्लीत आडव्या लावलेल्या बैलगाडीच्या जुवाची शिवळ, म्हणजे बैल जुंपायची खुंटी, उपसून नेत. दंड भरला की वस्तू परत, असा नियम. दंड मात्र गावात कुणी भरत नसे. मेंबराकडं जायचं, मेंबरानं पालिकेत जाऊन "सोड रं त्याची" म्हणायचं, की सुटली.

मनुबाई राखीव जागेवरनं निवडून आली होती. त्याआधी वखारीत तंबाखू निवडायची. मेंबर झाल्यावरही पहिल्या वर्षी तिला कुणी काही विचारलं नाही. सभेत ती कडेच्या खुर्चीवर बसायची आणि सगळे उठले की उठायची. मग एकदा देसायांची सीट गेली. त्यांच्या वार्डाचा मेंबर त्यांचा भाऊबंदच, आणि बांधावरनं त्याच्याशी बोलणं बंद. त्याच्या दारात जाण्यापेक्षा भीमनगर बरं, असं त्यांना वाटलं. त्यानंतर ज्याचं ज्याचं आपल्या मेंबराशी वाकडं, तो मनुबाईकडं येऊ लागला. आणि या गावात आपल्या मेंबराशी सरळ असलेला माणूस विरळाच. जी माणसं ही गल्ली टाळून लांबच्या वाटेनं नदीला जायची, ती आता तिच्या कट्ट्यावर टेकून तिला आक्का म्हणत होती. देसाई पहिल्या खेपेला उभ्यानंच बोलले. पुढं कट्ट्याच्या कडेला टेकले. आता ते मांडी घालून बसत आणि चहात साखर कमी पडली तर तसं सांगत.

आज चहा पिताना ते वेगळंच बोलले. बेळगावहून हुकूम आला होता. सगळ्या जिल्ह्यात रहदारीचा दंड एकसारखा, पावती एकच, ती पोलीस फाडणार आणि पैसे तालुक्याच्या कोर्टात जाऊन भरायचे. नगरपालिकांनी त्यात पडायचं नाही.

"उद्याच्या सभेत हुकमाच्या विरोधात तुमी बी हात वर करा म्हंजे झालं," देसाई म्हणाले. "न्हाय तर आक्का, तुमच्याकडं कोण कशाला येईल?"

ते वाईट मनानं बोलले नव्हते. बशी पालथी घालून, तोंड पुसून ते निघाले.

हुकमानं पालिकेत एक चमत्कार मात्र घडवला होता. आजवर नळाच्या तोटीवरही ज्यांचं एकमत झालं नव्हतं ते सगळे मेंबर एका बाजूला आले होते. नवी पावती कानडीत असणार, हा मराठी गावाचा अपमान आहे, असं अध्यक्ष मष्णूअण्णा चावडीसमोर घसा बसेपर्यंत बोलले होते. त्यांच्या वखारीच्या पावत्या कानडीतच निघत. पण तो व्यापार होता. जिल्ह्याच्या साहेबानं तोंडी कबूल केलं होतं, की विरोधाचा ठराव एकमतानं आला तर हे गाव तूर्त वगळू. एकाचा जरी हात खाली राहिला, तर हुकूम लागू.

मनुबाई सीट सोडवायला पालिकेत गेली. पट्टेवाला भरमू जेवायला बसला होता. त्यानं उष्ट्या हातानंच आतली खोली दाखवली. देसायांची सीट दाराशीच होती. ती उचलताना मनुबाईला मागचा ढीग दिसला. बाभळीच्या, सागाच्या, हातानं घासून गुळगुळीत झालेल्या शिवळा भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी धरली होती.

"ह्या कुणाच्या रं?"

"त्या व्हय? भायरच्यांच्या हाईत," भरमू घास गिळून म्हणाला. "बाजाराला येत्यात न्हवं खेड्यांवरनं, त्यांच्या."

"आनि न्यायला येत न्हाईत?"

"आलती की. ती यल्लव्वा, भाजीवाली, लई येळा आलती. दंड भरायला तिच्याकडं पैसं नसत्यात. आनि तिच्या वतीनं बोलणार कोण? तिचं मत काय आपल्या गावात हाय?"

"माझ्याकडं कशी आली न्हाय ती?"

भरमूनं तिच्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तिला काय ठावं, आक्का, तुमी मेंबर हाईसा म्हणून," तो म्हणाला.

मनुबाईनं यल्लव्वाची शिवळ कुठली ते विचारलं. ते भरमूलाही सांगता आलं नाही. सीट काखेत मारून ती बाहेर पडली. देसायांच्या घराशी पोचल्यावर तिनं सीट त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत या म्हटलं, तर घरात पीठ मळून ठेवलंय म्हणाली.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी भरली. मष्णूअण्णांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितले. भराभर हात वर गेले. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघं मेंबर शेजारी शेजारी हात उंचावून बसले होते आणि त्यांनाच त्याची गंमत वाटत होती. मनुबाईनं पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं.

"मनुआक्का," मष्णूअण्णा मऊ आवाजात म्हणाले. "हात दुखतोय काय?"

"न्हाय, अण्णा. हात चांगला हाय."

हात वर ठेवूनच सगळे तिच्याकडं वळले.

"मग?"

"मग काय न्हाय. ऱ्हाऊ दे खाली."

कारकुनानं अध्यक्षांकडं पाहिलं, अध्यक्षांनी खिडकीकडं, आणि मग कारकुनानं लिहून घेतलं.

गावाला बोलायला विषय मिळाला. मनुबाई कानडीवाल्यांना विकली गेली, असं काहींनी ठरवलं. काहींनी तिच्या जातीवर घसरून घेतलं; ते बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं. हुकूम लागू झाला. पट्टेवाल्यांचं काम गेलं, चौकात बाहेरगावचे पोलीस उभे राहिले, आणि कट्टा रिकामा झाला.

तो इतका लगेच होईल असं तिला वाटलं नव्हतं. दुपारी सायकलची घंटी वाजली की ती पदर सावरून दारात येई. सायकल पुढं निघून गेलेली असे. तिची जाऊ गुणाबाई म्हणाली, "बरं झालं, शेंगा वाळत घालायला जागा झाली." दोन दिवसांनी तिनं खरंच शेंगा आणून पसरल्या. मनुबाईनं त्यांना हात लावला नाही, आणि उचल असंही म्हटलं नाही.

बाजाराच्या दिवशी दिराला, शामूला, पोलिसानं डबलसीट धरलं. मागं मनुबाईच बसली होती. शामूनं, ह्या मेंबर आहेत, असं सांगून पाहिलं. पोलिसानं मान वर न करता पावती फाडली. शामूचा रोज बुडू नये म्हणून कोर्टात मनुबाई गेली.

कोर्टाच्या आवारात भिंतीकडेनं रांग होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं मागं कुणी खाकरलं म्हणून वळून पाहिलं, तर देसाई. हातात तसलीच पावती.

"दिवा?" तिनं विचारलं.

"दिवाच."

रांग दोन पावलं पुढं सरकली. मग देसाई किंचित पुढं झुकले, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"आक्का, हितं तुमची कुणाची वळख हाय काय?"

"न्हाय वो, अण्णा."

"कुणाचीच न्हाय?"

"कुणाचीच न्हाय. तुमची?"

"माझी कुठली असायला."

ऊन चढलं होतं. भिंतीची सावली हातभरच उरली होती आणि ती रांगेच्या आतल्या अंगाला पडत होती. मनुबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. देसायांनी टोपी काढून कपाळ पुसलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि मग तेही रांग सोडून तिच्या शेजारी सावलीत येऊन टेकले. शामूला किती दंड लागंल, असं त्यांनी विचारलं. तुमच्या एवढाच, असं ती म्हणाली. गुणाबाईनं शेंगा घातल्यात म्हणं कट्ट्यावर, हेही त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांच्या कानावर गेलं होतं.

तेवढ्यात कोर्टाचा शिपाई दारात आला. दोघांना शेजारी शेजारी बघून तो कानडीत खेकसला. रांग एकच आहे, एकामागं एक उभं राहा, पुढचं कोण, मागचं कोण, ते आधी ठरवा.

देसायांनी टोपी डोक्यावर घातली आणि मागं झाले.