बिनकड्यांचं घर

हेमाने कांबळं झटकलं, मागच्या पडवीच्या कोपऱ्यात अंथरलं, शेजारी तांब्या आणि उपडा पेला ठेवला, आणि भिंतीला पाठ लावून भूमितीचं पुस्तक उघडलं.

तिची आई, मंदाकिनीबाई, नुकतीच शाळेतून शिकवून आली होती. पदर खोचत ती पडवीच्या दारात आली आणि थबकली.

"हे काय गं?"

"बाजूला बसलेय."

"कुणी सांगितलं बसायला?"

"कुणी नाही. कावळा शिवला."

"ते कळलं. पण आपल्या घरात कुणी बसतं का असं?"

"घरात कुठे, पडवीत बसलेय," हेमा म्हणाली आणि पान उलटलं.

आता खरं तर यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. तेव्हाची डोंबिवली म्हणजे घरं थोडी, विहिरी बेताच्या आणि मतं मात्र भरघोस. आळीतल्या बहुतेक घरांच्या मागच्या बाजूला महिन्यातून कुणी ना कुणी बाई कांबळ्यावर बसलेली दिसायचीच. नवल हे, की त्र्यंबकरावांच्या घरात ती दिसत होती. खुद्द मंदाकिनीबाईने गणपतीच्या दिवसांत या रूढीवर असं खरमरीत भाषण ठोकलं होतं की तीन म्हाताऱ्या उठून गेल्या, आणि चौथी तेवढी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. ती ठार बहिरी होती.

दिवेलागणीला त्र्यंबकराव ठाण्याच्या कचेरीतून आले. टोपी खुंटीला अडकवता अडकवता त्यांनी विचारलं, "आमची मैत्रीण कुठाय?" उत्तर ऐकून ते पोट धरून हसले आणि तसेच पडवीकडे निघाले.

"हेमे, हा काय वेडेपणा? थांब, शिवतोच तुला. बघू या आभाळ कोसळतंय का."

हेमा पुस्तकासकट भिंतीकडे सरकली. "शिवू नका. तुम्हाला आंघोळ करावी लागेल."

"तीनदा करीन."

त्यांचा एक पाय पडवीत पडलाही होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून गंगुबाईंचा आवाज आला. शेजारच्या या विधवा बाईंना अंधारातही दिसतं असा आळीचा समज होता.

"अहो त्र्यंबकराव, तुमची आंघोळ गेली खड्ड्यात. बाजूला बसलेलीला जाणूनबुजून शिवलं तर पाप तिच्या माथी बसतं. पोरीला कशाला गोत्यात आणताय?"

त्र्यंबकराव थांबले. पापाला ते भीत नव्हते, पण गंगुबाईंच्या तोंडाला सगळी डोंबिवली भीत असे. "अडाणीपणा आहे सगळा," असं काहीसं पुटपुटत ते आत वळले.

मंदाकिनीबाई दारातच उभी होती. त्र्यंबकराव वळले आणि हेमाचे कानाशी आलेले खांदे हळूच खाली उतरले, ते तिने पाहिलं.

त्र्यंबकराव वाईट गृहस्थ होते असं कुणीही म्हटलं नसतं. विडी नाही, तपकीर नाही, आवाज चढवणं नाही. वय उलटून गेलं तरी बिनलग्नाचे राहिले, आणि केलं ते विधवेशी, पदरात वाढती मुलगी असलेल्या मास्तरणीशी. ठाण्याला जाऊन रजिस्टर लग्न, दोन हार, एक फोटो. त्यांच्या सुधारक मंडळींनी पाठ थोपटली. कल्याणहून मंदाकिनीबाईचा थोरला भाऊ आला तो पाणीसुद्धा न पिता परत गेला. त्याला सगळे भाऊच म्हणत. जाताना एवढंच बोलला, "मुलगी मोठी होतेय. मला काय, तुझं तू बघ." त्यानंतर मंदाकिनीबाई कल्याणला गेली नव्हती.

नव्या घरात राहायला आल्या दिवशीच त्र्यंबकरावांनी पेचकस घेऊन आतल्या सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. पुढच्या दाराची राहिली, कारण घरमालकाने हात जोडले. बाकीच्या त्यांनी विहिरीत टाकल्या. गंगुबाई शपथेवर सांगायच्या की त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी इतकं लोहयुक्त झालं की आळीतल्या बाळंतिणींना वैद्य लागला नाही. "मनं स्वच्छ असली की कडी कशाला?" असं त्र्यंबकराव येईल त्याला सांगत. त्यांचे स्नेही हरिहरपंत वकील ठाण्याहून यायचे. मोरीत गेले की ते खबरदारी म्हणून खड्या आवाजात भूपाळ्या म्हणत. एकदा भर संध्याकाळी त्यांनी असा काही सूर लावला की गंगुबाईंचा कोंबडा फसला आणि आरवला. या गोष्टीवर घरात पुष्कळ हसणं झालं. मंदाकिनीबाईही हसली होती. हेमा तेव्हापासून गंगुबाईंच्या न्हाणीत आंघोळीला जायला लागली. आमच्या मोरीत धूर होतो, म्हणे.

"मला काका म्हणू नकोस, बाबा तर नकोच," त्र्यंबकरावांनी हेमाला सांगितलं होतं. "आपण दोस्त. मला नुसतं त्र्यंबक म्हण." पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ते काही निघेना. ती त्यांना काहीच म्हणत नसे. अगदीच गरज पडली तर भांडं वाजवी. ते मात्र दोस्तीला जागत. ती अभ्यासाला बसली की हे शेजारी. ती मैत्रिणीशी बोलत असली की हे मध्ये बसून, "हं, मग? माझ्यापासून काय लपवायचं?" सकाळी ती डोळे चोळत उठायच्या आत हे तिच्या अंथरुणाच्या कडेला चहाचा कप घेऊन हजर. "सांग, काय स्वप्न पडलं?"

एकदा मंदाकिनीबाई म्हणाली होती, "अहो, तिच्या खोलीत जाताना हाक मारून जात जा."

"स्वतःच्या घरात हाक? मग मी पाहुणा झालो." ते हसले होते. मग जरा निरखून, हसूही न पुसता, "का गं मंदा? तुझ्या मनात काही वेगळं येतंय का?"

वेगळं म्हणजे काय, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. हो म्हणावं तर नवऱ्यावर घाण उडते, भाऊचं म्हणणं खरं ठरतं, आणि पुनर्विवाहाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना वर्षभराची शिदोरी मिळते. नाही म्हणावं तर मग बोलायचं काय उरलं? तिने तांदूळ निवडायला घेतले.

मग तो चहाचा प्रसंग झाला. हरिहरपंत आणि आणखी चार मंडळी आली होती. हेमा कपबशा घेऊन बाहेर आली तसं त्र्यंबकरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मधोमध उभं केलं.

"मंडळी, आज आमच्या हेमाचा दुसरा दिवस. आणि हा चहा तिने केलाय. प्या बिनधास्त."

मंडळी जराशी चपापली, मग वाहवा झाली. हरिहरपंतांनी तर बशीतला चहा तीर्थासारखा डोळ्यांना लावला. हेमाच्या हातातल्या ट्रेमधल्या कपबशा किणकिण वाजत राहिल्या. त्र्यंबकरावांचा हात काही खांद्यावरून निघाला नाही. मंदाकिनीबाई टाळ्या वाजवायला निघाली होती, सवयीने. हात अर्ध्यात आल्यावर तिने ते पदराला पुसले.

पुढच्या खेपेला हेमाने कांबळं काढलं, ते हे.

चार दिवस झाले, ती न्हाली, घरात आली. पण पंधरवडाही उलटला नसेल, तर एका दुपारी कांबळं पुन्हा पडवीत. मंदाकिनीबाईने काही विचारलं नाही. पोरीच्या अंगचं आईला कळतं, त्याला पंचांग लागत नाही. मागच्या दोरीवर बघितलं की झालं. दोरी कोरडी होती, एकही घडी वाळत नव्हती.

तिने भाकरी आणि पातळ भाजी घेतली, रिवाजाप्रमाणे वरूनच ताटात वाढली, आणि उंबऱ्यावर बसली.

"हेमा, इतक्यात कसं काय गं?"

"गंगुबाई म्हणतात, एकेकीला असतं तसं."

"गंगुबाईंना काय सांगितलंस?"

"त्यांनी काही विचारलं नाही." हेमाने भाकरीचा तुकडा मोडला. "त्यांनी कांबळं दिलं. आपलं टोचतं."

मंदाकिनीबाईने कांबळ्याकडे पाहिलं. खरंच, घरचं नव्हतं ते.

"हे बघ, मला खरं सांग. त्यांनी काही... काही झालंय का?"

"नाही."

"हेमा."

"काही झालं नाही गं आई. काही होत नाही." ती ताटाकडे बघूनच बोलत होती. "मी जिथे बसते तिथे ते असतात. एवढंच. इथे नसतात."

कुंपणाशी गंगुबाईंची कोंबडी माती उकरत होती. हेमाने तिला भाकरीचा चुरा टाकला.

"तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "पण सांगायला काही नाहीच ना."

भाषणात मंदाकिनीबाईने या कांबळ्याला बायकांचा तुरुंग म्हटलं होतं. स्वतः तिने अशा पडव्यांत पावसाळे काढले होते, थंडीत कुडकुडली होती, सासूने लांबून सरकवलेलं ताट डोळ्यांतल्या पाण्यासकट गिळलं होतं. तिची पोर मात्र इथे पाय पसरून बसली होती, वेणी सोडून, गुणगुणत. घरात तिचं गुणगुणणं बंद होऊन किती दिवस झाले होते, ते आईला आठवेना.

त्याच संध्याकाळी मंडळी यायची होती. त्र्यंबकराव कचेरीतून लवकर आले. पोर पुन्हा पडवीत बसल्याचं ऐकून त्यांनी या खेपेला हसण्यात वेळ घालवला नाही. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या.

"आज काढतोच तिला बाहेर. हरिहरपंतांच्या देखत. मुलींच्या मनातली भीती अशी हाताला धरूनच घालवावी लागते, मंदा. गंगुबाईंना बोलू दे काय ते."

मंदाकिनीबाई स्टोला पंप मारत होती. तिने पंप मारणं थांबवलं, चावी सैल केली. ज्योत भपकन खाली बसली. ती उठली, खुंटीवरची आपली शाल घेतली, आणि पडवीच्या दाराशी पोचलेल्या नवऱ्याच्या अंगाला अंग लागू न देता बाजूने पुढे झाली. कांबळ्यावर हेमाच्या शेजारी जाऊन बसली.

"हे काय?" त्र्यंबकराव म्हणाले.

"मलाही."

"तुला? मंदा, अगं तू भाषणं दिलीस."

"दिली."

"आत्ता मंडळी येतील."

"चहा तुम्ही करा. साखर वरच्या डब्यात आहे. स्टोची पिन खिडकीत."

ते उंबऱ्याशी उभे राहिले. एक पाऊल पुढे टाकायचा काय तो अवकाश होता. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. मुलगी एरवी खाली बघायची, आज तीही बघत होती.

"हा सगळा मला वेडं ठरवण्याचा प्रकार आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? आमचं आम्ही बसलोय."

"किती दिवस बसणार आहेस?"

"बघू."

पुढच्या दारी वहाणा वाजल्या. हरिहरपंतांची हाक आली, "काय हो सुधारक, आहात का घरात?" त्र्यंबकराव वळले. जाताना त्यांनी पडवीचं दार ओढून घेतलं. कडी नव्हतीच, म्हणून दार बोटभर उघडं राहिलं. त्या फटीतून खुर्च्या सरकवल्याचे, बसल्याचे, खाकरल्याचे आवाज येत राहिले. मग हरिहरपंत विचारते झाले, "आज चहाचा वास कसा नाही? वहिनी कुठायत? आणि आमची हेमा?"

या घरात सगळं उघड असतं, हे बाहेरच्या खोलीतल्या प्रत्येकाने याच खुर्च्यांवर बसून ऐकलेलं होतं.

"त्या होय?" त्र्यंबकरावांचा आवाज आला, अगदी सहज. "त्या दोघी कल्याणला गेल्यात. भाऊकडे."

"अरे वा, बोलणं सुरू झालं तर," हरिहरपंत म्हणाले, आणि गोष्ट भाड्याच्या खोल्यांना द्याव्या लागणाऱ्या पागडीच्या भावाकडे वळली.

पडवीत हेमाने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलत होते. मंदाकिनीबाईला आधी वाटलं पोर रडतेय. मग दिसलं की ती हसतेय. पुष्कळ दिवसांनी, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईतो.

"आई," ती कुजबुजली, "आपण कल्याणला गेलोय."

"ऐकलं."

मंदाकिनीबाईने शाल उलगडून दोघींच्या पायांवर घेतली. भाऊच्या दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तिला अजून सुचत नव्हतं.

"सकाळी जाऊ," ती म्हणाली. "उन्हं चढायच्या आत."