फवाऱ्याची तारीख

कांताबाईंनी रुपालीच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि खाटेवर उपडा ठेवला.

"काढू नको त्याले गटातून."

"माय, त्यानं तुले काय म्हटलं ते आयकलं न तू?"

"दोनदा आयकलं. अख्ख्या टोळीनं आयकलं. तरी म्हणून राह्यली, काढू नको."

रुपाली दारव्ह्याच्या कॉलेजात शिकत होती. बोंडअळीची माहिती सगळ्यांना मिळावी म्हणून शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप गट तिनेच सुरू केला होता. एकशे ऐंशी माणसं. त्यांत कापूस वेचणाऱ्यांपैकी एकच, तिची आई, टोळीची मुकादम. यंदा अळीने कपाशी पोखरली आणि लोक मिळेल ते जहाल औषध मारत सुटले. शेजारच्या गावात दोघे फवारणारे दवाखान्यात पडले होते. टोळीतली धनीबाई दुसऱ्या एका वावरात ओल्या फवाऱ्यात वेचता वेचता भोवळ येऊन पडली. म्हणून कांताबाईंनी गटात बोलून एक साधं मागणं टाकलं: ज्यानं फवारा मारला त्यानं तारीख सांगावी, पाच दिवस बाया त्या वावरात उतरणार नाहीत.

त्यावर टोळी वर्षानुवर्षं ज्यांच्या वावरात वेचायची त्या किसनरावांचं उत्तर आलं, सत्तावीस सेकंदांचं. पहिली चार सेकंदं सोडली तर बाकी सगळं बायांच्या जातीवर आणि चालीवर. ते इथे लिहिण्याजोगं नाही. खाली सात जणांनी हसरी तोंडं टाकली. त्या सातांच्या घरीही आयाबहिणी होत्याच, पण असो.

"तो गेला तं त्याच्या मागं वीस-पंचवीस जातीन," कांताबाई म्हणाल्या. "मंग तारखा कोण टाकीन? मले त्याची माफी नको, तारीख पायजे."

"अन् ठेवला तं लोक म्हणतीन, कांताबाईनं शिवी गिळली."

"कांताबाईनं भाकरीबिगर काई गिळलं नाही आजवर. उद्या सीतादही हाय त्यायच्या वावरात. तूही चाल."

वेचणीच्या पहिल्या दिवशी मालकीण कपाशीच्या झाडाखाली पूजा मांडते, बायांना दहीभात देते, आणि वेचणारीने पहिलं बोंड वेचल्यावरच नवा कापूस घरात येतो. हीच सीतादही. कांताबाई बौद्ध, पूजेपाशी त्या जात नसत. पण किसनरावांच्या वावरातलं पहिलं बोंड पंधरा वर्षं त्यांच्याच हातचं होतं. किसनरावांच्या बायकोला, लीलाबाईंना, तो हात गुणाचा वाटे.

सकाळी बारा बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहिल्या. लीलाबाई दहीभात घेऊन आल्या. कांताबाईंनी हात पुढे केला नाही.

"काहून वो, कांताबाई?"

"आधी हे आयका, बाई. मंग द्या."

आणि त्यांनी मोबाइल लावला. सत्तावीस सेकंदं म्हणजे किती लांब असतात, हे त्या दिवशी त्या वावराला कळलं. किसनराव बैलबंडीपासून धावत आले.

"बंद कर ते!"

"मालक, गटात एकशे ऐंशी जणाईसमोर बोलले तुमी. इथं तं आमी दहा-बारा बाया. बोला न तोंडावर."

किसनरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "रागात निघून गेलं तोंडातून," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

लीलाबाईंनी दहीभातावर पदर ओढला. नवऱ्याकडे बघितलं, मग धनीबाईच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे.

"परवा फवारा मारला या वावरात," त्या म्हणाल्या. "मले म्हणे, बायाईले सांगू नको."

बाकीच्या बाया एकदम धुऱ्यावरून मागे सरल्या. एकट्या कांताबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"मोबाइल द्या इकडं," लीलाबाईंनी नवऱ्यापुढे हात केला.

"कायले?"

"द्या म्हटलं न!"

कुठे दाबायचं ते त्यांनी रुपालीला विचारलं आणि फोन तोंडाशी धरला. "मी लीलाबाई बोलते. आमच्या वावरात परवा फवारा झाला. रविवारपर्यंत कोणी उतरू नका. पूजा मी मंग मांडीन. पहिलं बोंड कांताबाईच वेचतीन, त्यायची मर्जी असन तं."

मग फोन रुपालीकडे दिला. "नंबर राहू दे गटात. नाव माहं लिही. आतापासून तारखा मी टाकत जाईन."

रुपालीने किसनरावांच्या देखत त्या फोनवरचं त्यांचं नाव खोडलं आणि तिथे लीलाबाई लिहिलं.

बाया परत निघाल्या. आजची मजुरी बुडाली होती, पण माना अशा ताठ की बघणाऱ्याला वाटावं वरात चालली. गावाची वेस येईतो रुपालीचा मोबाइल तीनदा वाजला. एक गटातल्या डोंगरसिंगची फवाऱ्याची तारीख. एक फुलसिंगची. तिसरी, त्या हसणाऱ्या सातांतल्या एकाची.

ती हळूच आईजवळ जाऊन वाचायला लागली.

"मोठ्यानं वाच," कांताबाई मागे न बघता म्हणाल्या. "मागच्या बायाईलेही आयकू जाऊ दे."