ओळीआधीचं मांजर

# या चिन्हाला आमच्या चिलीत मांजर म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. फोनवरची बाईसुद्धा ‘आता मांजर दाबा’ म्हणते आणि आम्ही निमूट दाबतो.

आमच्या खोऱ्याच्या पाणीवाटप समितीत मी संगणकाचं काम करते. पुढच्या पंचवीस वर्षांत नदीचं काय होईल हे तपासायला आम्ही एक स्क्रिप्टची भाषा वापरतो. फुकट आहे, सगळ्यांना खुली आहे, आणि लिहायला जवळजवळ बोलल्यासारखी. ‘अ‍ॅव्होकॅडोच्या बागा दर वर्षी शंभर हेक्टर वाढव.’ ‘चौथी विहीर जानेवारीपासून चालू कर.’ अशी ओळ लिहिली की यंत्र ती मानतं आणि कुणाला किती पाणी उरेल ते दाखवतं. ओळीच्या आधी मांजर बसवलं, तर मात्र यंत्र ती ओळ सोडून देतं. ती फक्त माणसांनी वाचायची.

ओतिलिया बाराझा वरच्या चुरकाल वाडीत शेळ्या पाळते. सगळं खोरं तिला मावशी म्हणतं, मीही म्हणते. चौथ्या विहिरीचा प्रश्न निघाला तेव्हा लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला मी तिच्याकडे गेले होते. तिनं निखाऱ्यावरचा पाव आणि शेळीचं चीज पुढ्यात ठेवलं आणि एक वही काढली. झऱ्याखाली बादली भरायला किती वेळ लागतो, हे तिनं सहा वर्षं रोज लिहिलं होतं.

“खालचे तीन पंप सुरू झाले की चौथ्या दिवशी झरा बारीक होतो,” ती म्हणाली. “सणाला पंप बंद असतात, तेव्हा परत येतो. आणखी एक विहीर खणाल तर तो मेलाच म्हणून समज. लिहिलंस ना, मारित्सा?”

“लिहिलं, मावशी.”

“माझ्या नावासकट?”

“नावासकट.”

मी खरंच लिहिलं होतं. ऑफिसात येऊन तिच्या वहीवरून ओळ बेतली आणि फाइलमध्ये घातली. आमचे इरिबारेनसाहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“ही बादली कुठून आली?”

“वरच्या वाडीतून, सर. सहा वर्षांचे आकडे आहेत.”

“मीटर आहे तिथे?”

“नाही.”

“मग काय, म्हातारीच्या बादलीवर खोरं चालवायचं? टीप म्हणून ठेव. काढून टाकू नकोस, उगाच ओरडतील.”

मी मांजर बसवलं. अहवालात वाक्य आलं, ‘स्थानिक लोकांचं म्हणणं मॉडेलमध्ये समाविष्ट केलेलं आहे.’ त्यात शब्दानं काही खोटं नव्हतं, हेच साहेबांचं कसब. सभेत हात वर झाले, विहीर मंजूर झाली. ती सुरू झाल्यापासून अकरा महिन्यांत झरा आटला. मावशीनं ऐंशीतल्या साठ शेळ्या कसायाला दिल्या. आता दर गुरुवारी टँकर येतो, तो उरलेल्या वीस शेळ्यांनाही पुरत नाही.

गेल्या मंगळवारी मावशी ऑफिसात आली. शाळेतल्या मास्तरांनी तिला आमची अख्खी फाइल छापून दिली होती. खुली असल्यामुळे ती कुणालाही मिळते. तिनं नववं पान काढून माझ्यासमोर ठेवलं.

“हे बघ, माझं नाव. माझं म्हणणं. सगळं आहे.” तिचा आवाज खाली आला. “म्हणजे यंत्राला माहीत होतं. तरी त्यानं विहिरीला हो म्हटलं. मग माझंच मोजायला चुकलं असेल ना गं? तेवढं सांग. परत विचारायला येणार नाही.”

मी नुसती मान हलवली असती तरी ती गेली असती. हलवावी असं वाटलंही, आणि मला स्वतःची किळस आली.

“तुझं काही चुकलं नाही, मावशी. यंत्रानं ही ओळ वाचलीच नाही.” मी चिन्हावर बोट ठेवलं. “पुढे हे मांजर आहे ना, म्हणून.”

तिनं कागद डोळ्यांजवळ धरून ते चिन्ह पाहिलं.

“म्हणजे माझ्या बोलण्याला मांजर आडवं गेलं म्हणायचं,” ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला सोसवेना. “कुणी बसवलं?”

“मी. साहेबांनी सांगितलं म्हणून.”

“साहेबाचं राहू दे.” तिनं खुर्ची ओढून घेतली. “उठव त्याला. चालव तुझं यंत्र. माझं ऐकलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं, ते मला बघायचंय.”

“आता बघून काय होणार? विहीर काही बुजवणार नाहीत.”

“ते कळतं मला. तू चालव.”

मी फाइल उघडली, तिच्या ओळीपाशी आले आणि मांजर खोडलं.

“चौथी विहीर आल्यावर झरा किती दिवस टिकेल म्हणतंय?” तिनं विचारलं.

“चौदा महिने,” मी म्हटलं.

मावशीनं पडद्याकडे पाहिलं. आकड्यांची जागा अजून कोरीच होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तू तर अजून बटणसुद्धा दाबलं नाहीस, पोरी.”