माझ्याकडून ओके

युद्ध मंदार ठोसरच्या घरात बुधवारी सकाळी आलं, नाश्त्याच्या वेळी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध काटेरी तार पडली, तारेच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचली गेली आणि पोत्यांमागे सैनिक पालथे पडले, बंदुकीला गाल लावून. तार अगदी सरळ होती. मंदारला ती बघताक्षणी आवडली, हेही सांगून टाकतो.

आवडणारच. आदल्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये राजमा-चावल खाताना त्यानेच ती सुचवली होती. दूर कुठेतरी दोन देश हातघाईवर आले होते, आणि मंदारचा जन्म बँकांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलती करण्यात गेलेला, त्यामुळे देशांचंही आपल्याला कळतं अशी त्याची पक्की समजूत होती. "अरे, दोन सिस्टिमचं पटत नसेल तर मध्ये भिंत घालायची. सरळ रेष ओढा, दोन्हीकडे फौज बसवा, विषय क्लोज!" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदारचं प्रत्येक गोष्टीवर मत होतं. तेलाचे भाव, चीनची चाल, फोनची बॅटरी, इडलीचं पीठ, काहीही काढा. आणि मत असून गप्प बसणं म्हणजे शिंक दाबून धरण्यासारखं, तेही पाहुण्यांत.

तर आता तार होती. मंदार हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता, कारण बुधवारी तो घरून काम करी. बायको ऋजुता आणि सात वर्षांची मैतू पलीकडे, स्वयंपाकघरात होत्या. फ्लॅटचं दार हॉलमध्ये.

अलीकडचा कॅप्टन सभ्य माणूस होता. बूट दाराबाहेर काढून तो मोज्यांवर आत आला आणि मंदारसमोर उभा राहिला.

"ठोसर सर, रेष तुम्ही म्हणालात तशीच आहे ना?"

"हो. छान आलीय."

"पुढे काय करू या?"

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बाबांनो, गाशा गुंडाळा आणि चालू लागा. पण साऱ्या आयुष्यात मंदारला युद्धाबद्दल असं अदबीने कोणी विचारलं नव्हतं. तो खुर्चीत मागे रेलला.

"रसद तोडा," तो म्हणाला. "आपोआप गुडघ्यावर येतात."

स्वयंपाकघरातला नळ गुरगुरला आणि कोरडा पडला. पोह्यांखालचा गॅस विझला. मग तिकडचे दिवेही गेले.

"मंदार, पाणी गेलं," ऋजुता म्हणाली. "तू काही बोललास का त्यांना?"

"मी आपलं एक मत दिलं."

ऋजुताने डोळे मिटून घेतले. हे वाक्य ऐकलं की ती नेहमी तसंच करी.

एवढ्यात छबूताई आल्या. त्यांच्याकडे घराची किल्ली असे. आधी हॉलचा केर, मग स्वयंपाकघराचा, हा त्यांचा क्रम ठरलेला. त्यांनी हॉल झाडला, पालथ्या सैनिकांना पाय उचलायला लावले आणि तारेपाशी येऊन पातळ जरा वर धरून एक पाय पलीकडे टाकला. पलीकडून एक गोळी आली. हिशेब बरोबर राहावा म्हणून अलीकडूनही एक गेली. छबूताई तारेवर आडव्या झाल्या आणि तशाच राहिल्या. झाडू हातात होता. रक्त फरशीच्या फटींतून, कोपरे न चुकवता, सोफ्याकडे निघालं.

"मंदार, मागे काय वाजतंय?" लॅपटॉपवर चाललेल्या मीटिंगमधून मॅनेजर वैदेही म्हणाली.

"सोसायटीत काम चाललंय."

"म्यूट कर ना, प्लीज."

मंदारने म्यूट केलं आणि मग तो रडला. खरोखरीचा रडला, नाक पुसायला रुमाल सापडेना इतका. छबूताई मैतूच्या जन्माआधीपासून त्यांच्याकडे होत्या. पण दुःख झालं की मंदारला राग येई, आणि राग आला की मत सुचे.

"माणसांच्या हातात बंदुका द्यायच्याच कशाला?" तो कॅप्टनवर ओरडला. "माणूस घाबरतो, चुकतो. मशीन चुकत नाही. ड्रोन वापरा. ज्याला मारायचं त्यालाच मारतो, बाकी कोणाला ओरखडा नाही!"

कॅप्टनने सॅल्यूट ठोकला.

ड्रोन गॅलरीतून आला, मिक्सरच्या भांड्याएवढा. तोवर घर लांबू लागलं होतं. जेवणाचं टेबल पार तिकडे गेलं होतं, आणि स्वयंपाकघर त्याच्याही पलीकडे धुरात होतं. ड्रोन तारेवरून गेला, वळला, परत आला, हॉलभर फिरून त्याने प्रत्येकाचं तोंड नीट पाहिलं. दारात रामधनी इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन उभा होता. ड्रोन गठ्ठ्यात शिरला.

कपडे छताला जाऊन चिकटले आणि एकेक करून खाली आले. सगळे कडक इस्त्रीचे. मंदारने स्वतःचा निळा शर्ट झेलला, तो नेहमीपेक्षा जड लागला. एका बाहीत रामधनीचा हात होता. मनगटाचं बटण लावलेलं असल्यामुळे ते लगेच कळलं नाही.

"गठ्ठा संशयास्पद वाटला त्याला," कॅप्टन म्हणाला.

"अशा एकदोन केसेस राहतातच," मंदार म्हणाला.

हे आपणच बोललो हे त्याला जरा उशिरा कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, शर्ट अजून हातात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या जिभेची भीती वाटली.

"मंदार!" ऋजुता लांबून ओरडत होती. "इकडचं छत खाली यायला लागलंय. मी ओणवी उभी आहे. मैतूला तुझ्याकडे पाठवते. तिला घे आणि दाराबाहेर पड. तू फक्त गप्प बस. कशावरही काहीही बोलायचं नाही. जमेल?"

"जमेल!"

"हेसुद्धा बोलू नकोस!"

मैतूला वाट द्यायची का हे ठरवायला दोन्ही कॅप्टनना आपसात बोलायचं काही साधन नव्हतं. तारेच्या दोन्ही बाजूंना पोचेल असं घरात एकच होतं, मंदारची ऑफिसची मीटिंग. दोघे तीत आले. वैदेहीने त्यांना आत घेतलं. मग त्यांचे वरिष्ठ आले, वरिष्ठांचे वरिष्ठ आले, कुठकुठल्या देशांतून माणसं येत राहिली. सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसते काळे चौकोन. बराच खल झाला. मुलीची उंची किती, हातात काय आहे, बूट कसले आहेत. अखेर ठरलं: मुलगी तार ओलांडेल. मीटिंगमधले सगळेच्या सगळे हो म्हणाल्याशिवाय कोणी गोळी चालवायची नाही. सगळ्यांत मंदारही आला. त्याने गप्प राहायचं होतं, बस्स. त्याचा एक होकार अडून राहिला की जगातली एकही बंदूक मैतूवर उठणार नव्हती. देवाने एवढं सोपं काम आजवर कोणाला दिलं नसेल.

मैतू धुरातून बाहेर आली. शाळेचा गणवेश, एका हातात डबा. फरशी तिच्या पुढ्यात लांबच लांब पसरलेली, आणि ती रोजच्यासारखी, रेषांवर पाय न देता चालत होती. छबूताईंपाशी ती थांबली. त्यांचा पदर तारेत अडकला होता तो तिने सोडवला आणि नीट केला. मंदारचं काळीज तिथेच वितळलं. आपण हिला साधं शाळेत सोडायलाही कधी गेलो नाही, कायम कुठला ना कुठला कॉल, असं त्याच्या मनात आलं. उद्यापासून रोज जाईन. अलीकडच्या कॅप्टनने मोजा घातलेल्या पायाने तार खाली दाबून धरली. मैतूने एक पाय अलीकडे टाकला.

हेडफोनमध्ये कोणीतरी मऊ आवाजात केव्हाचं बोलत होतं. दोन्हीकडचे लोक तारेपाशी एकाच जागी सापडलेत, एका बॉम्बमध्ये काम होईल, अशी वेळ पुन्हा येत नाही, खर्चही कमी, वगैरे. मंदारच्या कानावर पडत होतं, आत जात नव्हतं. तो मैतूचा दुसरा पाय बघत होता.

"...म्हणजे सगळ्यांचं झालं. मंदार राहिला. मंदार? आहेस ना?"

या धंद्यातल्या प्रत्येकावर ही वेळ येते. अख्ख्या मीटिंगमध्ये लक्ष नसतं आणि एकदम आपलं नाव पुकारलं जातं. डोकं ताळ्यावर येण्याआधी अंगठा म्यूट काढतो आणि जीभ आपलं ठरलेलं बोलून मोकळी होते. लक्ष नव्हतं हे उघडं पडू नये, एवढीच तिला काळजी.

"हो हो," मंदार म्हणाला. "माझ्याकडून ओके. करून टाका."

"ग्रेट. थँक्यू ऑल," वैदेही म्हणाली, आणि एकेक काळा चौकोन मिटत गेला.

कॅप्टनने तारेवरचा पाय काढला आणि तो सोफ्यामागे गेला. अलीकडचे सैनिक खुर्च्यांमागे, पडद्यांमागे, शू रॅकमागे दबून बसले. पलीकडचे फ्रीजमागे आणि टेबलाखाली गेले. बघता बघता एवढ्या मोठ्या घरात कोणी दिसेना. मंदार हेडफोन फेकून धावला, "नाही, नाही, माझ्याकडून नाही!" असं ओरडत धावला, आणि हॉल त्याच्या पायाखाली लांबत गेला.

तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून मैतू उभी होती. तिने सोफ्यामागून डोकावणारी कॅप्टनची टोपी पाहिली, पडद्याखालचे बूट पाहिले, आणि तिचा चेहरा खुलला.

"बाबा, तू पण लप ना!"

तिने डबा खाली ठेवला, दोन्ही तळव्यांनी डोळे घट्ट झाकले आणि मोठ्याने म्हणायला लागली, "दहा, वीस, तीस..."