एकच नारळ

"एकच न्या," रजनीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतला दुसरा नारळ काढून मांडीवर घेतला होता आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

गिरिधरराव व्हॅनच्या उघड्या दाराशी उभे होते. समोर अंबडच्या देवीचा डोंगर, त्याच्या पायऱ्या आणि कोवळं ऊन. मुद्दाम बुधवार बघून आले होते. मंगळवारी-शुक्रवारी इथं पाय ठेवायला जागा नसते.

"अगं, पण नासका निघाला तर?"

"निघाला तर निघाला. जे निघंल ते घेऊन या. मला दाखवा."

"मी कानाशी हलवून घेतला, बराबर हाय. पण बाहेरून काय समजतंय का? असू दे ना एक जादा. त्याचं काय ओझं हाय?"

"ओझं हाय म्हणूनच म्हणून राह्यले." एवढं बोलूनही रजनीबाईंना दम लागला. थोडं थांबून त्यांनी पायरीपाशी फुलांची टोपली घेऊन बसलेल्या बाईला हाक मारली. "झुंबरबाई, हे तुमच्याकडं ठिवा. आमच्याकडून."

झुंबरबाई दरवर्षी त्यांना वेणी द्यायची. ती उठून आली, तिनं नारळ घेतला. रजनीबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. झुंबरबाईनं त्या पाहिल्या आणि एक वेणी त्यांच्या ओंजळीत ठेवून ती जागेवर जाऊन बसली.

गिरिधररावांची नजर त्या नारळामागं गेली. एस. टी.च्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. त्यांच्या फडताळात कुठलाही पट्टा, कुठलाही नट कधी शेवटचा नसायचा. मेकॅनिक म्हणायचे, साहेबांकडं स्टेपनीचीसुद्धा स्टेपनी असते, आणि साहेबांना त्याचा राग यायचा नाही. जालन्याला मस्तगडातल्या घरीही तोच कारभार. दोन सिलिंडर, तीन बॅटऱ्या, पाण्याचे चार ड्रम, किल्लीची एक जोडी शेजारच्या भारतकडे. देवळात जाताना ते एक चप्पल या कोपऱ्यात काढायचे आणि दुसरी त्या कोपऱ्यात, म्हणजे चोराला जोडी मिळू नये. देवांच्या बाबतीतही त्यांनी कसर ठेवली नव्हती. शनिवारी मारुती, सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त. एकाचं लक्ष नसलं तर दुसरा आहेच. रजनीबाईंची मात्र जन्मभर एकच, ही अंबडची मत्स्योदरी. त्यावरून ते बायकोची थट्टाही करायचे, की सगळा माल एकाच फडताळात ठेवते ही.

श्रावणात रजनीबाईंच्या पोटात गाठ निघाली. जालन्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. गिरिधररावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. मग संभाजीनगरला दोघांकडे. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वडीगोद्रीच्या एका औषधवाल्याकडे, त्याचा काढा महिनाभर. प्रत्येक ठिकाणी त्यांना वाटायचं, अजून एक मत हाताशी असलेलं बरं. चार देवांना चार नवसही बोलून ठेवले होते. दिवाळी उलटल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काका, लवकर आला असता तर. आता घरी न्या, खाऊ-पिऊ घाला."

रजनीबाई त्यावर एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गिरिधरराव रोज वाट पाहायचे, आज तरी म्हणेल, तुमच्यामुळं झालं. त्या फक्त मार्गशीर्ष लागल्यावर म्हणाल्या, "मला एकदा आईकडं न्या." जालन्याची माणसं देवीला आईच म्हणतात, त्यामुळे कुणाकडे ते विचारावं लागलं नाही.

"काय मागू मी?" आता गिरिधररावांनी दाराशी वाकून विचारलं.

"काही मागू नका."

"मंग नारळ कशापायी फोडायचा?"

"तिचं तिला देऊन यायचं. आजवर मागून लई झालं." त्यांनी डोळे मिटले. "जा आता. ऊन चढून राह्यलंय."

"जा काका," स्टिअरिंगवरून भारत म्हणाला. "काकूंपाशी मी हाय."

पायऱ्या चढताना गिरिधररावांना एकाच नारळाची पिशवी फार हलकी लागत होती. वर पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या. दोन्ही एकाच ठिकाणी काढल्या, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सगळं लक्ष नारळाकडे होतं. दगडापाशी जाऊन त्यांनी पुन्हा एकदा तो कानाशी हलवला. पाणी खळखळलं. मागू नका म्हणाली होती, पण मनातल्या मनात मागून झालंच होतं. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ आपटला.

काळपट पाणी दगडावर सांडलं आणि भपकन वास आला. मागच्या बाईनं पदर नाकाला लावला. दोन्ही वाट्या आतून करड्या पडल्या होत्या.

गिरिधरराव बघतच राहिले. आता हिच्यासमोर काय घेऊन जाऊ?

"काका, ते टाका तिकडं," शेजारचा नारळवाला म्हणाला. "दुसरा घ्या, चांगला निवडून देतो. असा माघारी घरी नेत न्हाईत."

त्यांचा हात खिशाकडे गेला. ही युक्ती त्यांना नवी नव्हती. लेकीच्या, अंतराच्या वेळी रजनीबाई बाळंतीण व्हायच्या होत्या आणि इथंच, याच दगडावर पहिला नारळ नासका निघाला होता. त्यांनी मुकाट्यानं पिशवीतला दुसरा फोडला आणि पांढऱ्याशुभ्र वाट्या नेऊन बायकोला दाखवल्या. ती किती खुश झाली होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आताही तेवढंच करायचं होतं. पाच मिनिटांचं काम. ती खोबऱ्याचा तुकडा जिभेवर ठेवेल आणि हसेल.

आणि मग ती जाईल, आपण बदलून दिलेल्या प्रसादावर.

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. नोट नाही, रुमाल निघाला. त्यात दोन्ही वाट्या गुंडाळून ते गाभाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडायचे तर रुमाल कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तसेच धरून राहिले.

"आई," ते पुटपुटले, "माझ्यापाशी आता दुसरं काहीच न्हाई गं." एवढंच बोलता आलं. पुढं रडूच आलं, आणि डोळे पुसायचा रुमाल कामात होता. आत पंखा फिरत होता. पुजाऱ्यानं अंगाऱ्याची पुडी हातावर ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

पायऱ्या उतरताना त्यांना वाटलं होतं, मनाला काहीतरी हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही.

व्हॅनच्या दाराशी येऊन त्यांनी रुमाल उलगडला. वास आला तसा भारतनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

रजनीबाईंनी वाट्या पाहिल्या.

"दुसरा घेतला न्हाई?"

"न्हाई."

"वर भेटतो की."

"भेटत होता." त्यांनी दाराची कड धरली. "रजनी, अंतराच्या वेळंला मी..."

"ठाव हाय मला. झुंबरबाई तवा वर दगडापाशी बसायची, तिनंच सांगितलं. पोरगी कडंवर घेऊन पाया पडाया आल्ते, तवा."

"मंग बोलली न्हाईस कधी?"

"काय बोलायचं. तुमी भ्याल्ते." त्यांनी हात पुढं केला आणि रुमालासकट त्या वाट्या मांडीवर घेतल्या, मघाशी चांगला नारळ घेतला होता तशाच. मग पुडीतला अंगारा बोटावर घेऊन आधी नवऱ्याच्या कपाळाला लावला, नंतर स्वतःच्या.

"मला भ्या वाटून राह्यलंय," गिरिधरराव म्हणाले.

"मला बी," रजनीबाई म्हणाल्या. "बसा आता गाडीत."

ते पाय उचलून आत चढू लागले तेव्हा रजनीबाईंची नजर खाली गेली.

"चपला कुठं हायत?"

गिरिधररावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. धुळीनं भरलेले, टाचा उललेले. "वरच ऱ्हायल्या."

"एका जागी?"

"हं."

"मी आणतो पळत जाऊन," भारत दार उघडू लागला.

"ऱ्हाऊ दे," गिरिधरराव म्हणाले आणि बायकोच्या शेजारी बसले. त्यांनी दार ओढून घेतलं. व्हॅन जालन्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा अनवाणी पायाखाली तिचा पत्रा थरथरत होता आणि रजनीबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.