सुयांच्या खोलीतला निळा पलंग

मित्रांनो, मी एक जुना, अरुंद पलंग आहे. कासारवाडी स्टेशनजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहतो. माझं निळं रेक्झिन कोपऱ्यांवर फाटलंय, पण माझ्यावर किती थकलेली माणसं गाढ झोपून गेली, हे मलाच ठाऊक.

भोसरीच्या एका शेडमध्ये शफीभाईंनी लोखंडी पाइप जोडून मला घडवलं आणि टेम्पोतून रश्मीताईंकडे पाठवलं. रश्मीताई ॲक्युपंक्चर करतात. म्हणजे केसासारख्या बारीक सुया अंगावर ठरावीक जागी टोचतात, दिवा मंद करतात आणि अर्धा तास कुणाला बोलू देत नाहीत. कुणाची पाठ दुखत असते, कुणाला झोप नसते. काही बायका मूल व्हावं म्हणून मोठ्या दवाखान्यात उपचार घेत असतात. त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, म्हणून त्या येतात.

अशाच एका बाईला मुलगा झाला. मग दुसरीला जुळ्या मुली झाल्या. पेढे आले. बायका म्हणू लागल्या, "ताई, आम्हाला निळ्या पलंगावरच घ्या. त्याचा गुण चांगला आहे."

"मूल होण्याचा इलाज दवाखान्यात चाललाय," रश्मीताई सांगायच्या. "इथं फक्त विसावा मिळतो. त्यापुढचं मी कबूल करत नाही."

पण मी कसला ऐकतोय? मी आपला फुगून बसलो होतो.

मग मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी मिनल आली. चाकणच्या एका कंपनीत ती मोटारींचे दिवे तपासायची. पहिली शिफ्ट संपवून थेट इकडे यायची. पहिल्या दिवशी तर ती माझ्यावर फळीसारखी ताठ पडून राहिली.

"ताई, डोळे मिटले तरी दिवेच दिसतात."

"दिसू देत. आता तपासू नकोस."

हळूहळू तिचा श्वास संथ झाला. लोणावळ्याकडची गाडी गेली की माझे पाय थोडे थरथरतात. त्या थरथरीत मलाही डुलकी लागली. स्वप्नात ते सगळे दिवे तिच्या हातातून सुटले आणि काळ्याशार पाण्यावरून तरंगत दूर निघाले. कुणालाच घाई नव्हती.

दवाखान्यात तिच्या पोटात गर्भ ठेवला गेला. दोन आठवड्यांनी तपासणी झाली. तो रुजला नव्हता. मिनल आली, आडवी झाली आणि तिच्या कानाशी माझं रेक्झिन ओलं झालं. माझा सगळा तोरा त्या दिवशी उतरला.

वर्षभराने दुसरा प्रयत्न झाला. गर्भ ठेवल्यानंतर आठव्या दिवशी मिनलसोबत तिच्या सासूबाई चिमाबाई आल्या.

"ताई, कालपास्नं दवाखान्याचं इंजेक्शन बंद केलंय म्या," त्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगावर गाठी आल्यात वो. हितल्या सुयांनी निवांत झोपती, तेवढं पुरं की."

रश्मीताईंनी हातातली सुई ठेवून दिली.

"मिनल, आधी दवाखान्यात फोन लाव. आत्ता. चिमाबाई, ते इंजेक्शन गर्भ टिकायला असतं; माझ्या सुया त्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत."

फोन झाला. दोघी तशाच रिक्षाने दवाखान्यात गेल्या. माझ्यावरच्या पांढऱ्या चादरीची घडीही मोडली नाही. त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तरीही गर्भ रुजला नाही.

पुढे आत नवा पलंग आला. बटण दाबलं की वर-खाली होतो. मला बाहेरच्या खोलीत सरकवलं. माझ्यावर पिशव्या, हेल्मेटं, छत्र्या पडू लागल्या. महिन्याभराने मिनल आणि चिमाबाई आल्या तेव्हा आतला पलंग रिकामा नव्हता.

"आज कशासाठी?" रश्मीताईंनी विचारलं.

"कशासाठीच नाही, ताई. आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय, आता थांबायचं. आज नुसतं झोपायचंय."

रश्मीताईंनी पिशव्या उचलल्या, चादर अंथरली. सुया डबीतून काढल्याच नाहीत. चिमाबाई पायाशी टेकल्या.

"माझ्यामुळंच झालं का गं?"

"नाही, आई. डॉक्टर म्हणाले ना, एका दिवसानं काही बिघडलं नव्हतं."

"तू खरं सांगतीस न्हवं?"

"खरंच. झोपू का आता?"

"झोप, बाय. म्या हाय हितंच."

चिमाबाई तिचे पाय चेपत राहिल्या. मिनल झोपली. मी किती वेळ तिला तोलून धरलं, सांगता येणार नाही. स्वप्नातलं तेच काळंशार पाणी होतं, अंधार होता, आणि कुणी कुणाची वाट पाहत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी मावशी, काकू अशी डोळे मिटून पडलेली असेल. तिला विचारू नका, तुझ्याकडे बाळ कधी येणार. पंखा थोडा हळू करा. दार लोटून घ्या, आवाज न करता.